न्याय कुणाचा आणि शिक्षा कुणाला?

घरातील एखादे कर्ते माणूस अकाली गेले, म्हणजे दोन-तीन दिवसांच्या आत त्या घराच्या ओट्यावर तीन प्रकारचे लोक समाचाराला आलेले दिसतात. पहिला म्हणतो, 'देव्हारे नदीत सोडलेत, मरीआईचा कोप झाला.' दुसरा म्हणतो, 'गेल्या जन्मीचे काही देणे असेल, ते फेडून गेला.' तिसरा बहुधा आळेफाट्यापलीकडचा, संगमनेर-पारनेरच्या बाजूचा पाहुणा असतो. त्याच्या घराण्याने तीन-चार पिढ्यांपूर्वी बाप्तिस्मा घेतलेला असतो. तो मान खाली घालून म्हणतो, 'परमेश्वर न्यायी आहे, त्याच्या न्यायापुढे आपले काय चालणार?' तिघेही प्रेमाने आलेले असतात. तिघांच्याही डोळ्यांत पाणी असते. परंतु ज्या माउलीचा लेक गेला, तिच्या पदरात तिघेही एकच गोष्ट टाकून जातात. ती गोष्ट अशी की, झाले ते न्यायानेच झाले. अर्थात अपराध तुमच्याकडेच कोठेतरी होता.

जुन्नर आणि आंबेगाव या दोन तालुक्यांतील आमच्या बंधु-भगिनींना हा अनुभव नवा नाही. पहिल्या पाहुण्याला उत्तर देण्यास आपण आता शिकलो आहोत. दुसऱ्याला उत्तर देताना आपली जीभ अजून अडखळते. आणि तिसऱ्याला काय म्हणावे, हे आपल्याला सुचतच नाही. तो आपला सोयरा आहे. त्याच्या आजोबांनी आपल्या आजोबांबरोबर एकाच वेशीबाहेर दिवस काढले आहेत. त्यानेही जुना धर्म सोडला आणि आपणही सोडला. तो आपला शत्रू नव्हे. म्हणूनच त्याच्या ईश्वरी न्यायाच्या कल्पनेचा विचार आज आम्ही येथे करीत आहोत. ख्रिस्ती श्रद्धावानाने आपल्या देवाच्या न्यायापुढे कसे उभे राहावे, हा वास्तविक त्याच्या घरचा प्रश्न. आम्ही ईश्वर मानीत नाही, तेव्हा आम्हांस त्यात पडण्याचे कारण काय, असे कोणी विचारील. कारण असे की, तो प्रश्न आपल्या ओट्यावर येऊन बसला आहे. शिवाय त्याचेच एक भावंड कर्माचे नाव धारण करून आपल्या घरात अजून ठाण मांडून आहे.

प्रथम ख्रिस्ती बांधवांच्या श्रद्धेला न्याय देऊ. त्यांच्या मते ईश्वर एक आहे, तो न्यायी आहे, तो सर्व पाहतो आणि शेवटी एक न्यायाचा दिवस येणार आहे. त्या दिवशी राजा आणि रंक एकाच पायरीवर उभे केले जातील. या श्रद्धेला हसण्याचे कारण नाही. ज्या माणसाला चावडीवर कधी न्याय मिळाला नाही, ज्याची साक्ष पाटलाने ऐकून घेतली नाही, ज्याची सावली पडली म्हणून ज्याला दंड झाला, त्याला कोणी येऊन सांगितले की, तुझी फिर्याद ऐकणारे एक वरचे कोर्ट आहे आणि तेथे पाटलाचा वशिला चालत नाही. त्या वेळी त्या माणसाची पाठ ताठ झाली असेल, यात नवल ते काय! अमेरिकन मराठी मिशनने अहमदनगर येथे (ज्याचे नाव आता अहिल्यानगर झाले आहे) १८३१ मध्ये काम सुरू केले. पुढे त्या जिल्ह्यातील महार-मांग कुटुंबे मोठ्या संख्येने ख्रिस्ती झाली. १८७६ ते १८७८ च्या भीषण दुष्काळात ज्यांना गावाने दारातून हाकलले, त्यांना मिशनच्या माणसांनी अन्न दिले आणि त्यांच्या मुलांना शाळेत बसविले. हा उपकार नाकारणे कृतघ्नपणाचे होईल. परमपूज्य डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनीही मिशनऱ्यांच्या शिक्षण व वैद्यकीय कार्याचे मोल कधी नाकारले नाही.

परंतु एकाच शस्त्राला दोन धारा असाव्यात, तशा या न्यायाच्या कल्पनेला दोन धारा आहेत. पहिली धार जुलूम करणाराकडे वळते आणि त्याला बजावते की, तुला हिशेब द्यावा लागेल. दुसरी धार जुलूम सोसणाराकडे वळते आणि त्याला सांगते की, तू सोसतो आहेस त्या अर्थी तू ते कमावलेच असले पाहिजे. पहिली धार माणसाला उभे करते, दुसरी त्याला आडवे करते. सारा प्रश्न या दोन धारांपैकी कोणती बाहेर निघते, एवढाच आहे.

बाबासाहेबांची नजर नेमकी येथेच पडली होती. अस्पृश्यांतून ख्रिस्ती झालेल्या लोकांच्या स्थितीविषयी त्यांनी लिहिलेली प्रकरणे महाराष्ट्र शासनाने १९८९ साली त्यांच्या लेखन-भाषणांच्या पाचव्या खंडात प्रसिद्ध केली. तेथे त्यांचा आशय असा आहे : हा माणूस हिंदू असताना त्याला शिकविले गेले की, तुझी अवनती तुझ्या पूर्वकर्मामुळे झाली. ख्रिस्ती झाल्यावर त्याला शिकविले जाते की, ती मानवाच्या मूळ पापामुळे झाली. दोन्ही शिकवणुकींत ज्यांनी त्याला खाली दाबले ते मोकळे सुटतात, आणि त्याला आपल्या भोवतालची समाजरचना दिसतच नाही. मग त्याला नवे जीवन मिळाले ते कोठे? हा प्रश्न द्वेषापोटी विचारलेला नाही. १९३८ च्या प्रारंभी सोलापूर येथे ख्रिस्ती समाजापुढे बोलतानाही बाबासाहेबांनी मिशनच्या सेवेची कदर केली. आणि त्याचबरोबर, हा समाज आपल्यावरील अन्यायाविरुद्ध तोंड उघडीत नाही, राजकारणात मागे राहतो, हे त्यांनी स्पष्टपणे सांगितले. आपल्या माणसाला आपण जसे सांगतो, तसे ते सांगणे होते.

तत्त्वाची परीक्षा पुस्तकात होत नाही, प्रसंगात होते. असा एक प्रसंग आपल्याच आंबेगाव तालुक्यात घडून गेला आहे. दिनांक ३० जुलै २०१४ रोजी सकाळी, अतिवृष्टी चालू असताना, माळीण गावावर डोंगराचा कडा सुटून आला आणि बघता बघता घरे, गोठे आणि माणसे चिखलाखाली गेली. नेहमीच्या फेरीला आलेल्या एस. टी.च्या चालकाला गावच दिसेना, तेव्हा त्याने खबर दिली आणि जगाला ते वृत्त कळले. दीडशेहून अधिक माणसे मृत्यू पावली. ती बहुतेक महादेव कोळी समाजाची, डोंगरउतारावर भात-नाचणी पिकवून पोट भरणारी माणसे होती. त्यांत वृद्ध होते, बायाबापड्या होत्या, पाळण्यातील लेकरे होती.

आता त्या चिखलाच्या ढिगापुढे उभे राहून आम्ही विचारतो : हा कुणाचा न्याय होता? पाळण्यातील लेकराने कोणता कायदा मोडला होता? आणि हा जर न्याय असेल, तर ज्यांनी आयुष्यभर दुसऱ्याच्या जमिनी लाटल्या, त्यांच्या पक्क्या वाड्यांवर एकही दगड का गडगडत आला नाही? ज्या क्षणी आपण माळीणच्या दुःखाला न्याय हे नाव देऊ, त्या क्षणी आपण मेलेल्या माणसांवर आरोपपत्र ठेवतो. आणि त्याला उत्तर देण्यास ती बिचारी जिवंत नसतात.

माळीणची दरड का पडली, याची कारणे आकाशात शोधावी लागत नाहीत. काळ्या कातळावर मातीचा सैल थर, उभा उतार, थोड्या वेळात पडलेला प्रचंड पाऊस, मुरलेल्या पाण्याने जड झालेली भूमी, आणि वरच्या अंगाला पडकईसाठी, म्हणजे शेताचे तुकडे सपाट करण्यासाठी, केलेली खोदाई. जाणकारांनी या गोष्टींकडे बोट दाखविले. यांतील पाऊस माणसाच्या हातचा नाही, हे खरे. पण उतार धोक्याचा आहे की नाही हे पाहणे, पाण्याला वाट करून देणे, यंत्र कोठे चालवावे व कोठे चालवू नये हे ठरविणे, आणि धोक्याच्या वस्तीला वेळीच हलविणे, हे सर्व माणसाच्या हातचे आहे. एप्रिल २०१७ मध्ये नव्या माळीणमध्ये उरलेल्या कुटुंबांना घरे मिळाली. आणि पहिल्याच पावसाळ्यात भराव खचल्याच्या, भेगा पडल्याच्या तक्रारी आल्या. तेव्हा लोकांनी देवाला कौल लावला नाही, अधिकाऱ्यांना जाब विचारला. तेच योग्य होते. कोप म्हटला की चौकशी थांबते. कारण म्हटले की चौकशी सुरू होते.

याच तालुक्याचे आणखी एक उदाहरण पाहा. ज्या गावाच्या नावावरून आंबेगाव तालुका ओळखला जातो, ते जुने गाव घोड नदीवरील डिंभे धरणाच्या पाण्याखाली गेले. कोणी असे म्हणत नाही की, ते गाव पापी होते म्हणून बुडाले. का म्हणत नाही? कारण धरण कुणी बांधले, हे सर्वांना ठाऊक आहे. जेथे कर्ता दिसतो, तेथे आपण मोबदला मागतो. जेथे कर्ता दिसत नाही, तेथे आपण प्रायश्चित्त घेतो. अज्ञानाची किंमत गरीब माणूस अशा रीतीने दुप्पट मोजतो.

मोठमोठी माणसेही या मोहातून सुटलेली नाहीत. १५ जानेवारी १९३४ रोजी बिहारमध्ये भयंकर भूकंप झाला. तेव्हा महात्मा गांधींनी तो अस्पृश्यतेच्या पापाबद्दल मिळालेला ईश्वरी दंड आहे, असे प्रतिपादन केले. हेतू अस्पृश्यतेवर प्रहार करण्याचा होता, हे मान्य करू. पण त्या भूकंपात गाडले गेले त्यांत अस्पृश्यही होते. ज्याच्यावर पाप झाले त्यालाच त्या पापाची शिक्षा! रवींद्रनाथ ठाकुरांनी या विचाराचा जाहीर निषेध केला आणि नैसर्गिक घटनांची कारणे निसर्गातच शोधली पाहिजेत, असे बजावले. चांगल्या हेतूने केला तरी वाईट तर्क वाईटच राहतो. आज अस्पृश्यतेच्या विरुद्ध वापरलेला तो तर्क उद्या धर्मांतर करणाराच्या विरुद्ध वापरला जातो. आपल्या वस्तीत मूल आजारी पडले की, 'देव सोडले म्हणून' असे जे कुजबुजले जाते, ते दुसरे काय आहे?

असो. आता आपल्या ख्रिस्ती सोयऱ्याकडे वळू. त्याला आम्ही आमचा धम्म पुढे करून गप्प करू इच्छीत नाही. त्याच्याच शास्त्राकडे बोट दाखवू इच्छितो. पवित्र शास्त्रात ईयोबाची कथा आहे. सरळमार्गी माणूस, त्याची गुरे गेली, लेकरे गेली, अंगभर फोड उठले. त्याला भेटायला तीन मित्र आले. आपल्या ओट्यावरही तीनच येतात, हा योगायोग लक्षात घेण्यासारखा आहे. ते मित्र सात दिवस त्याच्याजवळ मुकाट्याने बसले, तोपर्यंत ते मित्र होते. मग त्यांनी तोंड उघडले आणि देवाच्या न्यायाचे समर्थन करता करता, 'तू पाप केलेच असले पाहिजेस' असे त्याला सुनावले. कथेच्या शेवटी देवाचा राग कुणावर झाला? तक्रार करणाऱ्या ईयोबावर नव्हे, तर देवाची वकिली करणाऱ्या त्या मित्रांवर!

लूकच्या शुभवर्तमानात शिलोआमच्या बुरुजाचा उल्लेख आहे. बुरूज कोसळून अठरा माणसे मेली. ती माणसे यरुशलेमातील इतरांहून अधिक अपराधी होती काय, असा प्रश्न येशू स्वतःच काढतो आणि नाही म्हणून उत्तर देतो. पुढे तो पश्चात्तापाची गोष्ट बोलतो, परंतु ती ऐकणाऱ्या जिवंत माणसांना उद्देशून; मेलेल्यांवर तो दोष ठेवीत नाही. योहानाच्या शुभवर्तमानात जन्मांधाला पाहून शिष्य विचारतात की, पाप कुणाचे, याचे की याच्या आईबापांचे? येशू दोघांनाही त्या आरोपातून मुक्त करतो. आणि मत्तयाने वर्णिलेल्या अंतिम न्यायाच्या प्रसंगी विचारणा कशाची होते? किती उपासना केल्या, याची नव्हे. भुकेल्याला अन्न दिलेस काय, उघड्याला वस्त्र दिलेस काय, आजाऱ्याला आणि बंदिवानाला भेटलास काय, याची.

तेव्हा ख्रिस्ती श्रद्धावानाने ईश्वरी न्यायाला कसे सामोरे जावे, याचे उत्तर आमच्या मते त्याच्या शास्त्रातच तीन परींनी दिलेले आहे. पहिले असे की, दुःखिताचा न्याय करण्याचा अधिकार त्याने स्वतःकडे घेऊ नये. न्याय ईश्वराचा असेल, तर तो ईश्वराकडेच राहू द्यावा; शेजाऱ्याच्या ओट्यावर बसून निकालपत्र वाचू नये. दुसरे असे की, न्यायाचा आरंभ स्वतःच्या घरापासून करावा. ज्या देवळात सर्व एका बापाची लेकरे म्हणविली जातात, तेथेही जात शिरली, सोयरीक जात पाहून झाली, देशाच्या काही भागांत तर बसण्याच्या जागा आणि पुरण्याच्या जागाही वेगळ्या राहिल्या. त्या अन्यायाचा निवाडा न्यायाच्या दिवसापर्यंत तहकूब ठेवण्याचे कारण काय? तिसरे असे की, न्यायाची भूक ही केवळ परलोकाची शिदोरी नव्हे. भाकरी आज लागते, तसा न्यायही आज लागतो.

असे वागणारी ख्रिस्ती माणसे आपल्याच मुलखात होऊन गेली आहेत. पंडिता रमाबाईंचे चरित्र पाहावे. अनंतशास्त्री डोंगरे यांच्या या कन्येने तीर्थयात्रा, उपवास, दाने, अनुष्ठाने हे सर्व आईबापांबरोबर केले. आणि १८७० नंतरच्या दुष्काळात अन्नावाचून आई, बाप आणि बहीण गमावली. देवांना जे जे देता येईल ते सर्व देऊन झाले होते. १८८३ मध्ये इंग्लंडात त्यांनी बाप्तिस्मा घेतला. पुढे १८९६-९७ च्या दुष्काळात मध्यप्रांतात मुली आणि विधवा अन्नान्न होऊन भटकत आहेत, असे कळताच त्या स्वतः तिकडे गेल्या आणि शेकडो जणींना घेऊन आल्या. आपल्याच पुणे जिल्ह्यातील केडगाव येथे त्यांनी त्यांना आसरा दिला, अक्षर शिकविले, हाताला काम शिकविले. रमाबाईंची ईश्वरावर अढळ श्रद्धा होती, आमची नाही. पण दुष्काळ हा देवाचा न्याय आहे की नाही, याचा खल करीत त्या पुण्यात बसल्या नाहीत. उपाशी मुलगी दिसल्यावर श्रद्धावानाने काय करावे, याचे उत्तर त्यांनी पायांनी दिले. असा ख्रिस्ती माणूस आमच्या ओट्यावर आला, तर आम्ही त्याला मानाची जागा देऊ.

येथवर दुसऱ्याच्या घरातील केर पाहिला. आता आपल्या घरात झाडू घेऊ. बंधु-भगिनींनो, १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूर येथे जी दीक्षा झाली, तिने देव गेले. पण 'भोग' गेले काय? 'प्रारब्ध' गेले काय? कपाळावर सटवीने लिहिले, हे वाक्य आपल्या म्हाताऱ्या माणसांच्या तोंडून अजून निघते, आणि तरुण मंडळी त्याच वाक्याला कर्म हे नाव देऊन आपण बौद्ध झालो असे मानतात. ईश्वराला खुर्चीवरून उठवून त्याच खुर्चीवर पूर्वजन्माला बसविले, तर शिक्षा ज्याची त्यालाच होते. फक्त न्यायाधीशाचे नाव बदलते.

भगवान बुद्धांनी हे कधी शिकविले नाही. संयुत्तनिकायात मोळिय सीवक नावाच्या परिव्राजकाची कथा आहे. माणूस जे जे सुखदुःख भोगतो ते सर्व पूर्वी केलेल्या कर्मामुळे, असे काही लोक म्हणतात, त्याविषयी आपले मत काय, असे त्याने विचारले. भगवंतांनी पित्त, कफ, वात, ऋतूंचा पालट, बाहेरून झालेले आघात अशी दुःखाची अनेक कारणे मोजून दाखविली आणि सर्व काही पूर्वकर्मामुळे म्हणणारे लोक प्रत्यक्ष अनुभवाच्या पलीकडे धावतात, असे सांगितले. अंगुत्तरनिकायात तर याहून स्पष्ट निवाडा आहे. सर्व काही पूर्वकर्माने होते, सर्व काही ईश्वराच्या करणीने होते, आणि सर्व काही विनाकारण होते, अशी तीन मते भगवंतांनी एका ओळीत मांडली आणि तिन्हींचा शेवट एकच, म्हणजे निष्क्रियता, हे दाखवून दिले. आपल्या ओट्यावरील पाहुण्यांना अडीच हजार वर्षांपूर्वीच उत्तर मिळालेले आहे! बाबासाहेबांनी 'बुद्ध आणि त्याचा धम्म' या ग्रंथात पूर्वजन्मीच्या कर्माचा सिद्धान्त बुद्धाचा नव्हे, असे आग्रहाने मांडले, ते उगीच नाही. दरिद्री माणसाला त्याच्या दारिद्र्याचा अपराधी ठरविणारा सिद्धान्त भगवंतांच्या करुणेशी जुळणारच कसा?

किसा गोतमी मेलेले मूल कडेवर घेऊन आली, तेव्हा भगवंतांनी तिला तिचे पाप सांगितले नाही. ज्या घरात कोणी मेले नाही, त्या घरातून मोहरी आणावयास तिला पाठविले. ती दारोदार फिरली आणि तिला कळले की, मृत्यू ही शिक्षा नसून सर्वांच्या वाट्याची गोष्ट आहे. ज्या समाचाराने दुःखी माणूस एकटा आणि अपराधी होतो, तो समाचार धम्माचा नव्हे. ज्याने तो इतरांशी जोडला जातो, तोच धम्माचा.

जुन्नरच्या परिसरात ज्याची लेणी पाहण्याची सवय आहे, त्याला हे सांगावयास नको. तुळजा लेणी, मानमोडी, शिवनेरी आणि लेण्याद्री या डोंगरांत बौद्धांनी दोन हजार वर्षांपूर्वी शेकडो खोदकामे केली. लेण्याद्रीच्या सातव्या लेण्यात आता गिरिजात्मजाची पूजा चालते, तरी विहाराच्या भिंती आपली ओळख लपवीत नाहीत. तेथील शिलालेखांत दात्यांची नावे आहेत. त्यांत यवन आहेत, व्यापारी आहेत, धान्याच्या व्यापाऱ्यांची श्रेणी आहे. धर्मकार्यासाठी बांबूकाम करणाऱ्यांच्या आणि कासारांच्या श्रेणींकडे ठेव ठेवल्याचीही नोंद आहे. ज्या हातांना पुढे हलके ठरविले गेले, त्या हातांवर विश्वास ठेवून धर्माचा पैसा त्यांच्या स्वाधीन केला जात होता! पाण्याची टाकी खोदली, भोजनशाळा बांधली, राहण्यास खोल्या दिल्या. त्या काळचा उपासक दुःख का आले, याचे निकालपत्र शोधीत बसला नाही. वाटसरूला पाणी आणि पावसाळ्यात भिक्खूला छप्पर मिळावे, अशी व्यवस्था त्याने केली.

आणि आता एक गोष्ट जी आपल्या ख्रिस्ती सोयऱ्याला आपण स्वतःहून सांगितली पाहिजे. १० ऑगस्ट १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने अनुसूचित जातींचे हक्क हिंदू धर्मीयांपुरते बांधले गेले. १९५६ मध्ये त्यात शीख आले. महाराष्ट्र राज्याने १९६० मध्ये आपल्यापुरत्या सवलती नवबौद्धांना दिल्या, तरी केंद्राच्या दारात आपल्याला १९९० पर्यंत थांबावे लागले. चौतीस वर्षे! देव बदलला म्हणून गावाने विहीर मोकळी केली नाही, आणि कागदावर मात्र जात पुसली गेली, हे दुःख आपण भोगले आहे. दलित ख्रिस्ती बांधव त्याच दारात उभे राहिले. न्यायमूर्ती रंगनाथ मिश्र यांच्या आयोगाने २००७ मध्ये धर्माची अट काढून टाकण्याची शिफारस केली. २०२२ मध्ये न्यायमूर्ती के. जी. बालकृष्णन यांच्या अध्यक्षतेखाली पुन्हा एक आयोग नेमला गेला. आपल्या वाट्याचे कमी होईल, अशी भीती काहींना वाटते आणि तिचा विचार आकडे समोर ठेवून, वाटा वाढवून मागण्याच्या मार्गाने झाला पाहिजे. परंतु ज्या अन्यायातून आपण चौतीस वर्षांनी सुटलो, तोच अन्याय दुसऱ्यावर राहावा, असे म्हणण्यास बौद्धाची जीभ रेटू नये. आपण जर त्याच्या या मागणीच्या बाजूने उभे राहिलो, तर ईश्वरी न्यायाविषयीचे आपले बोलणेही तो ऐकून घेईल. एरवी का ऐकावे त्याने?

शेवटी प्रत्येक बौद्ध कुटुंबाने करावयाच्या चार गोष्टी सांगून हा लेख पुरा करतो. समाचाराला जाल तेव्हा पाप, भोग, प्रारब्ध, कोप हे शब्द ओठांवर आणू नका. न बोलता जवळ बसलात तरी पुष्कळ झाले. जाताना पिठाचा डबा न्या, शोक करणाऱ्या घरात चूल पेटत नसते. दुसऱ्या दिवशी पंचनामा, नुकसानभरपाईचा अर्ज यांसाठी घोडेगावच्या किंवा जुन्नरच्या तहसील कचेरीत त्या घरच्या माणसाबरोबर स्वतः जा. लिहिता येणाऱ्या तरुणांनी हे काम आपले समजावे. आणि पावसाळ्यापूर्वी आपल्या वस्तीच्या वरचा उतार, भेगा, झऱ्यांची बदललेली वाट हे सर्व डोळ्यांनी पाहून ग्रामसभेत लेखी मांडा, आणि त्या कागदाची पोच घ्या.

मग त्या ओट्यावर तिसरा पाहुणा येऊन म्हणाला की, परमेश्वर न्यायी आहे, तर त्याच्याशी वाद घालू नका. त्याला म्हणा, 'मामा, बसा. तुमचा परमेश्वर न्यायी असेल, तर तो या पोरीला दोष देणार नाही. उद्या कचेरीत जायचे आहे. तुम्हीही आमच्याबरोबर चला.' तो आला, तर त्याने आपल्या देवाच्या न्यायाला योग्य ते उत्तर दिले, असे आम्ही समजू.